जुन्या मोटरसायकलचे इंडिकेटर: दोष कसा शोधावा

मोटरसायकलचा इंडिकेटर लागतो तेव्हा करंट एका ठरलेल्या वाटेने जातो. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, तिथून चावीचा स्विच, मग फ्लॅशर, मग हँडलच्या डाव्या मुठीजवळचे बटण, तिथून पुढच्या-मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी, होल्डर, बल्बची तार, आणि शेवटी गाडीच्या लोखंडी चासिसमधून परत बॅटरीच्या ऋण टोकाकडे. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. वाटेत कुठेही खंड पडला तर दिवा लागत नाही. वाट नुसती अरुंद झाली, म्हणजे कुठे गंज चढला, कुठे जोड सैल झाला, तर दिवा लागतो पण मंद लागतो आणि त्याची उघडझाप बिघडते. पंधरा-वीस पावसाळे पाहिलेल्या गाडीत दोष बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

इंडिकेटर बंद पडला की सर्वांत आधी फ्लॅशर बदलण्याची रीत आहे. ती सोयीची आहे, कारण फ्लॅशर स्वस्त मिळतो, दोन मिनिटांत बसतो आणि काहीतरी केल्याचे समाधान देतो. पण जुन्या गाडीत खरा दोषी बहुतेक वेळा होल्डरमधला गंज किंवा अर्थिंगचा जोड निघतो. फ्लॅशर हा मुळात करंट ओळखणारा भाग आहे. त्याच्यातून किती करंट वाहतो यावर त्याचा ठेका ठरतो, त्यामुळे पुढे दिव्यांपाशी काय चालले आहे ते त्याच्या टिकटिकीतून कळते. ही टिकटिक नीट ऐकली तर निम्मा तपास पाना न उचलता होतो.

फ्लॅशर कसा चालतो

जुन्या गाड्यांत तीन तऱ्हेचे फ्लॅशर सापडतात. सर्वांत जुना म्हणजे उष्णतेवर चालणारा. त्यात दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते, संपर्क सुटतो किंवा जुळतो. थंड झाली की पूर्वपदावर येते. दिव्यांना पुरेसा करंट जात नसेल तर ही पट्टी हवी तितकी तापत नाही. म्हणून एक बल्ब उडाला की असा फ्लॅशर संथ होतो किंवा उरलेला दिवा न मिचकता तसाच लागून राहतो. दुसऱ्या तऱ्हेत कपॅसिटर आणि छोटा रिले असतो. तिसरा, आजकाल दुकानात सर्रास मिळणारा, इलेक्ट्रॉनिक. एक बल्ब गेला की कपॅसिटरचे आणि बरेचसे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतात, दुप्पट वेगाने धावू लागतात. तेव्हा ‘बल्ब उडाला की इंडिकेटर जलद होतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ते कोणत्या फ्लॅशरबद्दल बोलले जाते आहे हे आधी पाहावे लागते.

योग्य ठेका म्हणजे मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप. घड्याळ समोर धरून अर्धा मिनिट मोजावे. 30 ते 60 या दरम्यान आकडा आला तर फ्लॅशरविषयी काळजी नको. काही गाड्यांत फ्लॅशरला पिपाणीसारखा वाजणारा बझर जोडलेला असतो. तो कर्कश वाटतो म्हणून पुष्कळ जण तोडून टाकतात, आणि तोडताना वायरीचे टोक उघडेच सोडतात. पुढे कधीतरी तेच टोक चासिसला टेकते आणि फ्यूज उडतो.

फ्लॅशर कुठे आहे हे माहीत नसेल तर इंडिकेटर लावून कान द्यावा. टाकीखाली, सीटखाली, बाजूच्या पॅनलमागे किंवा हेडलाइटच्या डोममध्ये रबराच्या कुंचीत अडकवलेली एक डबी बोटाखाली टिकटिकताना जाणवते. रबर फाटले असेल तर ती चासिसवर आपटून लवकर मरते, म्हणून डबीबरोबर तिचे रबरही जपावे.

बल्ब, वॉट आणि एक फसवा सारखेपणा

बारा व्होल्टच्या बहुतेक जुन्या भारतीय मोटरसायकलींना इंडिकेटरसाठी 10 वॉटचे चार बल्ब असतात. एक बल्ब साधारण 0.83 अँपिअर घेतो, एका बाजूचे दोन मिळून 1.67 अँपिअर. मीटरमधला खुणेचा दिवा यात थोडी भर घालतो. फ्लॅशर या आकड्याला बांधलेला असतो.

गोम अशी की 5 वॉट, 10 वॉट आणि 21 वॉट या तिन्ही बल्बांची पितळी टोपी एकाच मापाची, समोरासमोर दोन पिना असलेली मिळते. तिन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात. रस्त्यात बल्ब उडाला, दुकानदाराने हाताला लागला तो दिला, मालकाने बसवला, दिवा लागला, सगळे खूश. नंतर एका बाजूचा ठेका दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा पडू लागतो आणि शोध फ्लॅशरपर्यंत जाऊन अडकतो. 21 वॉटचा बल्ब तर इंडिकेटरची छोटी प्लास्टिकची काच तापवून वेडीवाकडी करू शकतो. चारही बल्ब काढून टोपीवर कोरलेले व्होल्ट आणि वॉट वाचणे हे पाच मिनिटांचे काम, पण ते फार कमी लोक करतात.

बल्बची तार डोळ्यांना अखंड दिसते तेव्हाही ती मुळाशी सुटलेली असू शकते. मल्टिमीटरने मोजल्यास 10 वॉटचा थंड बल्ब एक-दोन ओमच्या आसपास दाखवतो. गणिताने 14.4 ओम यायला हवेत म्हणून पुष्कळ जण गोंधळतात. पण तो आकडा तार पांढरी तापल्यावरचा आहे. थंड तारेचा रोध त्याच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो. काचेच्या आत काळपट झाक आली असेल तर बल्ब लागत असला तरी बदलून टाकावा, प्रकाश कमी झालेला असतो.

लक्षणावरून दिशा

एका बाजूचे इंडिकेटर व्यवस्थित मिचकतात आणि दुसऱ्या बाजूचे नाही, हे लक्षण सर्वांत सुटसुटीत. चांगल्या बाजूने साक्ष दिलेली असते की बॅटरी, फ्यूज, चावी आणि फ्लॅशर ठीक आहेत. दोष बटणापासून पुढे, त्या एकाच बाजूच्या वायरीत, होल्डरमध्ये, बल्बमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. इथे फ्लॅशरला हात लावणे म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही घालवणे.

दोन्ही बाजू गार असतील तर आधी हॉर्न वाजवून पाहावा आणि ब्रेक दाबून मागचा दिवा बघावा. हे दोघेही बहुतेक गाड्यांत बॅटरीवर आणि चावीच्या त्याच वायरीवर चालतात. हॉर्न खणखणीत असेल तर चावीपर्यंतची वाट मोकळी आहे. फ्लॅशर, बटण आणि त्यांच्यामधले जोड उरतात. हॉर्नही घोगरा असेल तर इंडिकेटर सोडून बॅटरीकडे वळावे.

हेडलाइट मात्र साक्षीला बोलावू नये. हिरो होंडाच्या पहिल्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नव्हता. इंजिन फिरू लागले की मॅग्नेटमधल्या कॉइलमधून थेट एसी करंट त्याला मिळे. म्हणून हेडलाइट लख्ख असूनही बॅटरी मेलेली असू शकते. ‘लाइट तर झकास लागतो, बॅटरी चांगलीच आहे’ हा निष्कर्ष त्या काळच्या गाड्यांना लागू नाही.

गाडी उभी असताना इंडिकेटर रेंगाळतो आणि रेस दिली की तरतरीत होतो, हे बॅटरी उतरल्याचे चिन्ह. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली तर ती रिकामी समजावी. नुसता आकडा पाहून थांबू नये. इंडिकेटर आणि ब्रेक दोन्ही लावून पुन्हा मोजावे. आकडा झर्रकन 11 च्या खाली कोसळला तर बॅटरी आतून थकली आहे. किक मारून चालू होणाऱ्या 100 सीसी गाड्यांची बॅटरी अवघी 2.5 अँपिअर-तासांची असते. सिग्नलला थांबून इंडिकेटर आणि ब्रेकलाइट एकदम लावून ठेवले की तेवढ्यानेही तिच्यावर ताण येतो. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत. न मिळाल्यास दोष चार्जिंगचा, आणि 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटरचा. वारंवार बल्ब उडण्याचे कारण पुष्कळदा हा दुसरा दोष असतो, बल्ब नव्हे.

ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर अंधुक लुकलुकतात, किंवा इंडिकेटर लावला की टेललाइट धडधडतो, हे लक्षण बुचकळ्यात टाकते. प्रत्यक्षात ते अगदी नेमके असते: मागच्या दिव्यांची अर्थिंग तुटलेली आहे. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला घरी जायला स्वतःची वाट उरलेली नाही, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून पलीकडे वाट काढतो. इथे बल्ब, बटण, फ्लॅशर काहीही तपासू नये. मागच्या मडगार्डखालची अर्थिंगची वायर शोधावी.

अर्थिंग

या एका विषयावर जरा थांबावे लागते, कारण जुन्या गाडीच्या इंडिकेटरची सर्वाधिक दुखणी इथेच असतात.

अर्थिंग दोन तऱ्हेने दिलेली असते. होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत प्रत्येक दिव्याला हिरवी वायर असते आणि तीच अर्थिंग. दुसऱ्या तऱ्हेत वायर एकच. परतीची वाट म्हणजे इंडिकेटरचा धातूचा दांडा, त्याचा नट, मडगार्ड किंवा कंस, आणि चासिस. नवी गाडी असताना हे उत्तम चालते. मग मडगार्डला रंग दिला जातो, नटाखाली रंगाचा थर राहतो. मडगार्डचे बूश रबरी असतात, त्यामुळे ते चासिसला फक्त बोल्टच्या आट्यांतून टेकलेले असते, आणि त्या आट्यांवर गंज असतो. कुणी हौसेने फायबरचे मडगार्ड बसवले तर परतीची वाटच बंद होते. पुढच्या इंडिकेटरची कथा आणखी नाजूक: हेडलाइटच्या कंसातून निघालेला करंट चासिसपर्यंत पोहोचायला हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमधून जातो, आणि ते बेअरिंग ग्रीसने माखलेले असते. हँडल वळवले की पुढचा इंडिकेटर कमी-जास्त होतो, त्याचे हे एक कारण.

अर्थिंग तपासायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दोन हात लांब वायरीचा तुकडा. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला घट्ट धरावे, इंडिकेटर लावावा आणि दुसरे टोक होल्डरच्या धातूच्या कवचाला टेकवावे. दिवा एकदम उजळला किंवा ठेका सुधारला की निदान झाले. यापेक्षा खात्रीची आणि स्वस्त चाचणी या यंत्रणेत नाही.

किती रोध किती नुकसान करतो हे पाहण्यासारखे आहे. अर्थिंगच्या जोडात एक ओमचा रोध शिरला तर एका 10 वॉटच्या बल्बमागे जवळपास 0.8 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, म्हणजे सुमारे 7 टक्के. पण बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरतो. व्होल्टेज 10 टक्के कमी झाले तर प्रकाश साधारण 30 टक्के कमी होतो. बुलेटसारख्या गाड्यांच्या सहा व्होल्टच्या काळातल्या नमुन्यांत हाच गंज चौपट त्रास देतो, कारण तितक्याच वॉटला करंट दुप्पट लागतो आणि खर्च करायला व्होल्ट निम्मेच असतात. सहा व्होल्टच्या गाडीचे इंडिकेटर ‘मुळातच मंद’ असतात असे म्हटले जाते, त्यातला बराचसा दोष न घासलेल्या जोडांचा असतो.

उपाय दोन. जुना मार्ग जपायचा असेल तर नट उघडून, दांड्याचा तळ आणि मडगार्डची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळावे. मूळ रूपाचा आग्रह नसेल तर प्रत्येक होल्डरपासून एक स्वतंत्र वायर काढून चासिसवरच्या एकाच स्वच्छ बोल्टला आणावी. दुसरा उपाय जास्त टिकतो.

होल्डर उघडल्यावर

काचेचे दोन स्क्रू काढले की जुन्या इंडिकेटरच्या आत बहुधा एक छोटे तळे, वाळलेला चिखल आणि क्वचित एखादा कोळी सापडतो. काचेच्या कडेचे रबर कडक होऊन आक्रसलेले असते. काचेला किंवा बॉडीला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते, आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून. मागे कधीतरी काच उलटी बसवली गेली असेल तर ते छिद्र वर येते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाड्यांत हे जरूर पाहावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानेही हेच घडते, आणि धुतलेल्या गाडीचा इंडिकेटर दुसऱ्या दिवशी बंद का पडला हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बल्ब दाबून, किंचित डावीकडे फिरवून बाहेर काढावा. टोपीवर पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसतो. हिरवा म्हणजे तांब्या-पितळेचा गंज. बल्बच्या बुडाला शिशाचा एक ठिपका असतो. वर्षानुवर्षे दाब सोसून तो चपटा होतो, मध्ये खळगा पडतो. होल्डरच्या तळाशी स्प्रिंगवर बसलेली पितळी टिकली असते. ती बोटाने दाबल्यावर टचकन वर यायला हवी. गंजलेली स्प्रिंग दबलेली तशीच राहते, आणि मग गाडी खड्ड्यात आदळली की दिवा लागतो, पुढच्या खड्ड्यात विझतो. खड्डे आणि इंडिकेटर यांचे असे नाते दिसले की आधी ही टिकली पाहावी.

बारीक पॉलिश पेपरची पेन्सिलीएवढी गुंडाळी करून होल्डरच्या आतल्या भिंतीवर फिरवावी, टिकली घासावी, बल्बचा ठिपका सपाट करावा. हे करताना चावी बंद असावी, नाहीतर हाताचा पेचकस टिकली आणि भिंत यांना एकदम टेकतो आणि फ्यूज जातो. घासल्यावर पेट्रोलियम जेलीचे अगदी पातळ बोट फिरवले तर पुढचा पावसाळा सुखात जातो. टिकलीच्या मागे सोल्डर केलेली वायर असते. ती एक-दोन तारांवर लोंबत असेल तर तोडून नव्याने डाग द्यावा.

लोंबणाऱ्या वायरीचा उल्लेख आला म्हणून मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. वायरीच्या सोळा तारांपैकी पंधरा तुटल्या आणि एकच शाबूत राहिली तरी बल्ब काढून मोजल्यास मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब लावला की तीच तार गळपटते. म्हणून अशा कामात साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला 10 वॉटचा बल्ब, मीटरपेक्षा प्रामाणिक ठरतो. मीटरच वापरायचा तर दिवा लागलेला असताना वापरावा: बॅटरीच्या धन टोकापासून होल्डरच्या टिकलीपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त, किंवा होल्डरच्या कवचापासून ऋण टोकापर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या टप्प्यात कुठेतरी करंट अडतो आहे. मग एकेक जोड ओलांडत मीटरचे टोक सरकवले की नेमका जोड सापडतो.

फ्लॅशरची परीक्षा

बल्ब, होल्डर आणि अर्थिंग स्वच्छ झाल्यावरच फ्लॅशरची पाळी. दोन टोकांच्या फ्लॅशरच्या दोन्ही वायरी काढून एका छोट्या वायरीने एकमेकींना जोडाव्यात, चावी चालू करून बटण एका बाजूला सरकवावे. दोन्ही दिवे न मिचकता लख्ख लागले तर बाकीची सगळी यंत्रणा निर्दोष आणि फ्लॅशर मेलेला. दिवे लागलेच नाहीत तर फ्लॅशर बदलून काहीही होणार नाही. तीन टोकांच्या फ्लॅशरला तिसरी वायर अर्थिंगची असते. ती चुकूनही या जोडात घेऊ नये. टोकांवरची अक्षरे उपयोगी पडतात: बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी, ई म्हणजे अर्थिंग.

नवा फ्लॅशर घेताना व्होल्टेज, टोकांची संख्या आणि त्यावर लिहिलेले वॉट जुळवून घ्यावे. मोटारीचा, 21 वॉटच्या बल्बांसाठी बनवलेला फ्लॅशर मोटरसायकलला लावला तर तो नवा असूनही आजारी वाटतो.

बटण आणि वायरिंग

डाव्या मुठीजवळचे बटण उघडण्याआधी खाली पांढरे फडके पसरावे. काही बनावटींत आत स्प्रिंगवर बसलेली मोहरीएवढी पोलादी गोळी असते. झाकण सुटले की ती उडी मारते आणि गॅरेजच्या जमिनीवर कायमची नाहीशी होते. आत पितळी सरकपट्टी आणि तीन संपर्क दिसतात. त्यांच्यावरचे कारखान्यातले ग्रीस वर्षांनी मेणासारखे घट्ट, काळे होते. पुष्कळदा बटण उघडायचीही गरज नसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा डावी-उजवीकडे सरकवले की संपर्क स्वतःच घासले जातात. पेट्रोल वापरू नये, त्याने प्लास्टिक फुगते आणि जवळ ठिणगीची शक्यताही असते.

बटणापासून वायरी मानेपाशी वळसा घेऊन टाकीखाली जातात. हँडल रोज शेकडो वेळा वळते, आणि वायर तिथेच, आवरणाच्या आत तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. संशयित वायर दोन बोटांत धरून हलके ओढावी. आतले तांबे तुटलेले असेल तर त्या जागी आवरण रबरासारखे ताणते. सीटखाली उंदरांची करामत पाहावी, विशेषतः गाडी महिनोन् महिने उभी असेल तर.

वायरीचे रंग ओळखले की काम झपाट्याने होते. होंडाच्या पद्धतीत, म्हणजे सीडी 100 किंवा स्प्लेंडरमध्ये, काळी वायर चावीनंतरचा करंट आणते, राखाडी फ्लॅशरकडून बटणाकडे जाते, नारिंगी डाव्या आणि फिकट निळी उजव्या दिव्यांची, हिरवी अर्थिंगची. यामाहाच्या पद्धतीत, म्हणजे आरएक्स 100 मध्ये, तपकिरी वायर चावीनंतरची, पांढऱ्या रेघेची तपकिरी फ्लॅशरकडून बटणाकडे, गडद तपकिरी डावी, गडद हिरवी उजवी, आणि काळी अर्थिंगची. म्हणजे एका घराण्यातली करंटची काळी वायर दुसऱ्या घराण्यात अर्थिंग असते. एका गाडीवर हात बसलेला माणूस दुसरीवर फ्यूज उडवतो तो यामुळेच. आणि आधीच्या कुणी मिस्त्रीने हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडला असेल तर हे सगळे ज्ञान व्यर्थ. तिथे टेस्ट लॅम्पच खरा.

इंडिकेटर लावला की फ्यूज उडतो, अशा वेळी नवे फ्यूज जाळत बसू नये आणि फ्यूजच्या जागी चांदी गुंडाळू नये. सिगारेटच्या पाकिटातल्या त्या चांदीने कित्येक गाड्यांचे पूर्ण वायरिंग खाल्ले आहे. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये 21 वॉटचा बल्ब जोडावा. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे वायर तापत नाही. आता बटण त्या बाजूला ठेवून वायरिंग मानेपासून मागच्या दिव्यापर्यंत हळूहळू हलवत जावे. ज्या जागी हात लावल्यावर चाचणीचा बल्ब एकदम मंदावतो, तिथे आवरण सोलून वायर लोखंडाला टेकलेली सापडते. टाकीची पुढची कड आणि मागच्या मडगार्डचे वायर जाणारे छिद्र या दोन जागा आधी बघाव्यात. छिद्राचे रबर पडलेले असते आणि पत्र्याची कड वायरीला करवतीसारखी घासते.

एलईडी लावल्यावरचे प्रश्न

जुन्या गाडीला एलईडी इंडिकेटर लावले की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, ते अतिवेगाने मिचकतात किंवा मिचकतच नाहीत. एलईडी एक-दोन वॉटच घेतो. करंटवर चालणाऱ्या फ्लॅशरला वाटते की बल्ब उडाले. दिव्याला समांतर रेझिस्टर जोडून करंट वाढवता येतो, पण तो रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो आणि एलईडीने वाचवलेली वीज त्यात जाळली जाते. जोडणीतल्या करंटवर ठेका न ठरणारा, एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे हाच सरळ मार्ग.

दुसरी तक्रार जास्त मजेशीर: कुठलीही बाजू लावा, चारही दिवे मिचकतात. ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी खुणेचा एकच दिवा असतो, तिथे हे होते. तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. डावी बाजू लागली की त्याचा करंट उजव्या बल्बांच्या थंड तारांतून अर्थिंगला जातो. त्या तारांचा रोध इतका कमी की त्या उजळत नाहीत. त्यांच्या जागी एलईडी आले की तेवढासा करंटही त्यांना पेटायला पुरतो. उपाय म्हणून मीटरच्या दिव्याची एक वायर कायमची अर्थिंगला द्यावी, आणि दुसरीकडे डाव्या व उजव्या वायरी एकेका डायोडमधून आणाव्यात. 1एन4007 हा एक अँपिअरचा डायोड यासाठी पुरेसा आहे. त्याच्यावरची चंदेरी रेघ दिव्याच्या बाजूला हवी.

जोडणी आणि शेवटची तपासणी

नुसते पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड टाकीखालच्या उष्णतेत वर्षभरात चिकट होऊन सुटतो. डाग देऊन त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी, किंवा नीट दाबलेला कनेक्टर वापरावा. मानेपाशी मात्र डाग टाळावा. सोल्डर वायरीला ताठ करते आणि ताठ वायर वळणावर लगेच तुटते. तिथे थोडी ढील ठेवून अखंड वायरच घालणे योग्य.

सगळे बसवल्यावर इंजिन मंद चालू ठेवून एकेका बाजूचा ठेका मोजावा, मग ब्रेक दाबून ठेवून पुन्हा मोजावा. हॉर्न वाजवताना ठेका अडखळतो का ते पाहावे. त्यानंतर इंडिकेटर चालू ठेवूनच हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे; मध्येच कुठे दिवा दचकला तर मानेतले काम अजून बाकी आहे. काचेचे स्क्रू शेवटी, रबर नीट बसवून, पाणी जाण्याचे छिद्र खाली ठेवून आणि पेचकस फक्त दोन बोटांत धरून आवळावेत. तीस वर्षांचे प्लास्टिक तळहाताचा जोर सोसत नाही.